पहिला वस्तरा

निवड हा जाणत्याचा अधिकार आहे, असे आपण सर्वसाधारणपणे समजतो. ज्याला गाण्यातले कळते त्याने तंबोरा निवडावा, ज्याला शेतीतले कळते त्याने बैल निवडावा आणि इतरांनी त्याच्या मागून जावे, हे बोलावयास सोपे आहे. परंतु प्रत्येक जाणता केव्हा तरी अजाण होता, आणि त्या अजाणपणातच त्याला आपला पहिला तंबोरा किंवा पहिला बैल घ्यावा लागला होता, ही गोष्ट आपण विसरतो. चांगले काय हे ओळखण्याची दृष्टी वस्तूच्या वापराने येते. वापर करावयाचा तर वस्तू आधी हवी. आणि वस्तू घ्यावयाची तर दृष्टी आधी हवी. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात हाच पेच ज्ञानाविषयी घातलेला आहे. जे आपल्याला ठाऊकच नाही त्याचा शोध कसा घ्यावा, आणि ते समोर आले तरी तेच हे, असे ओळखावे कसे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा पेच बुद्धीचा विलास वाटतो. बाजारात तो खिशाला झोंबतो, आणि ज्या वस्तूविषयी आम्ही लिहीत आहोत तिच्या बाबतीत तर गालालाही.

ही वस्तू म्हणजे वस्तरा. झाशीस रेल्वेच्या हिशेब खात्यात बदलून आलेल्या आमच्या एका तरुण स्नेह्यांनी दाढी उघड्या वस्तऱ्याने करावयाचे मनावर घेतले. तीन-चार पात्यांचे ते प्लॅस्टिकचे तुकडे वारंवार फेकून देण्याचा त्यांना कंटाळा आला होता. शिवाय, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर, 'दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या करावयाच्या आहेत, तर सकाळची पंधरा मिनिटे तरी एखादे काम पुरते लक्ष देऊन करावे.' बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या आमच्या वाचकांस ही इच्छा पोरकट वाटणार नाही. घर आपले नसते, गाव आपले नसते, पुष्कळदा पाण्याची वेळही आपली नसते. अशा वेळी स्वतःच्या हाताने नीट केलेले एक लहानसे काम माणसाला दिवसभर सावरून धरते.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नसता. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. सुगीला त्याला धान्याचा वाटा मिळे आणि वर्षभर त्याने गावाची श्मश्रू करावयाची. वस्तरा त्याच्या धोकटीत असे. तो कोठून आणला, त्याचे पोलाद कसले, हे विचारण्याची पाळी गिऱ्हाइकावर येत नसे. गिऱ्हाइकाने न्हावी निवडलेला नसे आणि न्हाव्याने गिऱ्हाईक निवडलेले नसे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. जिच्यात एका पक्षाला जन्मानेच धंदा चिकटला होता, तिच्यातील निश्चिंतता दुसऱ्या पक्षाला स्वस्तात मिळालेली होती, हे उघड आहे. पण ती निश्चिंतता गेली आणि निवडीचा भार प्रत्येकाच्या माथी आला, एवढे खरे.

युरोपात हा भार उचलू पाहणारी माणसे बरीच आधी निघाली. १७६९ साली पॅरिसच्या झां-झाक पेरे या वस्तरे-कात्र्या करणाऱ्या कारागिराने स्वतःची दाढी स्वतः करावयास शिकवणारे एक पुस्तकच लिहिले. पुढे अमेरिकेत किंग कँप जिलेट यांनी हा भार पुन्हा उतरवून टाकला. त्यांच्या पातळ, टाकाऊ पात्याची विक्री १९०३ साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. काही वर्षांतच ती जगभर गेली. परजणे नको आणि निसणे नको, ही तिची जाहिरात होती. ज्या वस्तूविषयी काही कळण्याची गरजच उरत नाही, ती वस्तू निवडण्याचाही त्रास उरत नाही. पाते बोथट झाले की फेकावे, एवढे ज्ञान पुरते. आमच्या स्नेह्यांनी या सोयीकडे पाठ फिरवली, म्हणजे अजाणपणाचा तो जुना पेच त्यांनी आपण होऊन अंगावर घेतला.

त्यांनी प्रथम जे केले ते आपण सारेच करतो. जे कळत नव्हते त्याच्या जागी, जे कळत होते ते ठेवले. पोलाद कळत नव्हते, पण चकाकी कळत होती. धार कळत नव्हती, पण किंमत वाचता येत होती. टपालाने एक वस्तरा मागविला. लाकडी पेटी, मुठीवर नक्षी, आरशासारखे पाते. पहिल्याच सकाळी त्याने दाढी कापण्याऐवजी ओढली, हनुवटीखाली दोन जागी रक्त काढले, आणि तिसऱ्या आठवड्यास आमचे स्नेही खिन्नपणे म्हणाले, 'काका, माझा हातच जड आहे. हे आपल्याला जमणारे नव्हे.'

या एका वाक्यापाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण आळशी माणसाला लाज आणण्यासाठी वापरतो, आणि पुष्कळदा ती योग्यच असते. पण अंगण खरोखरच वाकडे असेल तर? मुरलेला नर्तक वाकड्या अंगणातही पाय सांभाळून घेईल आणि अंगण वाकडे आहे असे ठामपणे सांगूही शकेल, कारण सरळ अंगणात आपण कसे नाचतो हे त्याला ठाऊक असते. पहिल्यांदाच पाय टाकणाऱ्याला हे सांगण्याचे साधनच नसते. चूक पायाची की जमिनीची, हा निवाडा त्याला करता येत नाही. अशा वेळी जो मुळात आढ्यताखोर आहे तो अंगणाला दोष देऊन मोकळा होतो, आणि योगायोगाने खरेही बोलून जातो. जो मनाचा प्रामाणिक आहे तो मात्र स्वतःला दोष देतो आणि काम सोडतो. म्हणजे वाईट साधनाची शिक्षा नेमकी प्रामाणिक माणसाला होते. वाईट वस्तऱ्याने गालावर पडलेला ओरखडा चार दिवसांत बुजतो. आपल्या अंगी अमुक गुण नाही असे जे मनात ठसते ते वर्षानुवर्षे बुजत नाही. शाळेत तुटक्या कंपासपेटीने भूमिती शिकलेली कितीतरी मुले आपल्याला भूमिती येत नाही अशा समजुतीने म्हातारी होतात.

म्हणून 'नवशिक्यास काहीही चालेल' हे व्यवहारी वाटणारे वाक्य आम्हांस नीतिदृष्ट्या सदोष वाटते. नवशिक्यास जे देतो त्यातून आपण त्याला त्याच्याविषयीच काहीतरी सांगत असतो. ते खोटे असू नये, एवढी जबाबदारी देणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर येते. पहिले साधन असे असावे की त्याने जे दोष दाखवावे ते शिकणाऱ्याचेच असावेत. मग ते सुधारताही येतात.

याचा अर्थ पहिला वस्तरा सर्वांत महाग असावा असा कोणी घेईल, तर तोही अतिरेक होय. हस्तिदंती मुठीचा, लहरींच्या पोलादाचा वस्तरा नवशिक्याच्या हाती दिला की त्याचे निम्मे लक्ष वस्तऱ्याच्या किंमतीत गुंतते. परजताना पट्ट्याला काप जाईल, नळावर आपटून धारेचा तुकडा उडेल, या भीतीने हात ताठरतो. आणि ताठर हात हा वस्तऱ्याचा खरा शत्रू. बेताचा आणि नेटका असा जो मध्यम मार्ग आहे तो वस्तऱ्याच्या बाबतीत पुरेसा स्पष्टपणे सांगता येतो. पात्याची रुंदी पाच सूत, म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश, फार तर सहा सूत असावी. त्याहून रुंद पाते नवख्या हाताला जड जाते. टोक गोल असावे, कारण चौकोनी टोक कानाच्या पाळीखाली हमखास रुतते. दोन्ही अंगांनी पाते बेताचे खोलगट घडवलेले असावे. धार सरळ असावी, तिच्यालगत गंजाचे खड्डे नसावेत, आणि मिटल्यावर पाते मुठीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये जावे. सर्वांत मुख्य म्हणजे अखेरची धार जाणत्या हाताने निसण्यावर लावलेली असावी. नवा कोरा वस्तरा पेटीतून निघतो तेव्हा तो बहुधा दाढीच्या लायकीचा झालेला नसतो.

येथे कोणी म्हणेल, की मग एखादे विख्यात नाव पाहून घ्यावे म्हणजे झाले. शेफील्ड आणि झोलिंगेन ही गावे वस्तऱ्यांसाठी नावाजलेली आहेत, आणि ती कीर्ती खोटी नाही. पण नाव हे ज्ञानाचे मुखत्यारपत्र असते, आणि मुखत्यारपत्राची नक्कल होते. झोलिंगेन हे नाव त्या भागात तयार झालेल्या मालापुरतेच राखून ठेवण्यासाठी १९३८ साली जर्मनीत स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच सारे आले. उलट ज्याला नाव नव्हते असा मालही जाणत्यांनी ओळखला. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत तयार होणारे पोलाद युरोपात 'वुट्झ' म्हणून गेले. लंडनचे हत्यार-कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी ते स्वतः वापरून पाहून युरोपच्या उत्तम पोलादाहून सरस ठरविले. त्यांच्याबरोबर मायकेल फॅरडे यांनी पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले, १८२० आणि १८२२ साली निबंध प्रसिद्ध केले, आणि त्या पोलादाचे वस्तरे आपल्या मित्रांस भेट दिले. फॅरडे यांच्या मित्रांना पोलाद कळण्याचे कारण नव्हते. त्यांना फॅरडे कळत होते, आणि तेवढे पुरे होते.

या शेवटच्या वाक्यात पेचाची किल्ली आहे, असे आम्हांस वाटते. ज्याला वस्तू पारखता येत नाही त्यालाही माणूस थोडाबहुत पारखता येतो. माणसे पारखण्याचा सराव आपल्याला जन्मापासून असतो. वस्तऱ्याच्या बाबतीत नवशिका असलेला गृहस्थ माणसांच्या बाबतीत नवशिका नसतो. तेव्हा वस्तरा निवडण्यापूर्वी वस्तरा जाणणारा निवडावा. आपल्याकडील न्यायशास्त्राने शब्द, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, हे ज्ञानाचे एक स्वतंत्र प्रमाण मानले. पण ते सांगणे आप्ताचे असले पाहिजे अशी अट घातली. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने ती गोष्ट स्वतः अनुभवली आहे, आणि जशी अनुभवली तशीच दुसऱ्यास सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर पुढे जाऊन म्हणतात, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. कित्येक शतकांपूर्वी एका शास्त्रकाराने लिहिलेले हे विधान घरापासून दूर राहणाऱ्या आम्हां मंडळींनी घराच्या उंबऱ्यावर कोरून ठेवावे इतके मोलाचे आहे. आपली भाषा बोलतो, आपल्या गावचा आहे, आपल्या पायरीचा आहे, यांपैकी काहीही आप्तत्वाला आवश्यक नाही.

म्हणून आम्ही स्नेह्यांना घेऊन बडा बाजारात गेलो. झाशीचा हा बाजार परकोटाच्या आतील जुन्या शहरात आहे. मराठी माणसाला हे शहर परके वाटू नये. अठराव्या शतकाच्या मध्यास नारो शंकरांच्या कारकिर्दीत ते वाढले, आणि येथल्याच गणपतीच्या देवळात १८४२ साली लक्ष्मीबाईंचे लग्न लागले. तरीही रेल्वेच्या वसाहतीत राहणारा अधिकारी बडा बाजारात बहुधा घाईने शिरतो, पाहिजे ते घेतो आणि बाहेर पडतो. एका गल्लीत एक वयोवृद्ध कारागीर बसतात. इकडच्या रिवाजाप्रमाणे लोक त्यांना खलीफा म्हणतात. गिऱ्हाइकांची दाढी तेही आता अर्ध्या पात्याच्या उस्तऱ्याने करतात, कारण एकाचे रक्त दुसऱ्यास लागू नये. पण जुने उस्तरे तेलाच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी जपून ठेवले आहेत, आणि त्यांना धार लावण्याची सिल्ली अजून हाताशी असते.

स्नेह्यांनी आपला चकचकीत वस्तरा पुढे केला. खलीफांनी तो उघडून दिव्याखाली धरला, धार आकाशाकडे केली, आणि सावकाश कलवीत आम्हांस पाहावयास सांगितले. धारेच्या रेषेवर ठिकठिकाणी बारीक ठिणग्यांसारखा उजेड चमकत होता. 'बाबूजी, जहाँ चमके, वहाँ धार नहीं,' ते म्हणाले. खरी धार इतकी बारीक असते की तिच्यावरून उजेड परततच नाही. ती दिसत नाही. डोळ्यांना जे चमकताना दिसते ते धारेचे बोथटपण. मग त्यांनी धारेच्या दोन्ही अंगांना शाई लावली, पाते सिल्लीवर सपाट ठेवून एकदाच हलक्या हाताने ओढले, आणि शाई कोठे पुसली गेली व कोठे तशीच राहिली ते दाखविले. पाते मुळातच पिळलेले होते. वर त्यांनी सांगितले, की याला पाणी नीट चढलेले नाही, सिल्लीवर धार आली तरी ती टिकणार नाही. ज्या चकाकीवर भाळून ही खरेदी झाली होती, तिच्याविषयी एवढे समर्पक भाष्य आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही.

त्यानंतर खलीफांनी लगेच दुसरा वस्तरा पुढे केला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. दाढी रोज करता की दिवसाआड? केस राठ आहेत का? डावा हात चालतो का? मग फडक्यातून एक साधा, शिंगाच्या मुठीचा, पाच सुती, गोल टोकाचा जुना वस्तरा काढला. आणि त्याचे गुण सांगण्याआधी दोष सांगितले. पाठीजवळ गंजाचा एक डाग आहे, तो धारेपर्यंत पोहोचलेला नाही. खिळा किंचित सैल आहे, तो ठोकून देता येईल. पहिला महिनाभर फक्त गाल करा, हनुवटीला हात लावू नका, ती जुन्या यंत्राने करा. दाढी करण्यापूर्वी दर वेळी पट्ट्यावर परजा, आणि परजताना पाठ पट्ट्यावरून उचलू नका. धार पुढे नव्हे, पाठ पुढे. महिन्याने परत आणून दाखवा.

आप्ताची ओळख ती हीच. तो माल दाखविण्यापूर्वी माणूस पाहतो. आपल्या मालाचा दोष आपण होऊन सांगतो. आणि जे आपल्याला तेथल्या तेथे पडताळून पाहता येईल असे काहीतरी दाखवितो. या तिसऱ्या खुणेचे महत्त्व नैयायिकांनीही जाणले होते. वेदांचे प्रामाण्य सांगताना त्यांनी आयुर्वेदाचा दाखला दिला: औषधाचा गुण पडताळता येतो, आणि तेथे जो खरा ठरला तो जेथे पडताळता येत नाही तेथेही विश्वासास पात्र आहे. दिव्याखालची चमक आम्हांला दिसली, पुसलेली शाई दिसली. म्हणून पोलादाच्या पाण्याविषयी त्यांनी जे सांगितले, जे आम्हांस दिसणे शक्य नव्हते, ते आम्ही मानले. हा आंधळा विश्वास नव्हे, आणि ही संपूर्ण परीक्षाही नव्हे. माणसांचे बहुतेक व्यवहार या दोहोंच्या मधल्या जागेतच चालतात. नव्या जागी चार्ज घेणारा अधिकारी पहिल्या महिन्यात कोणत्या आधारावर सह्या करतो? पंधरा वर्षे तेथे बसलेल्या हेडक्लार्कच्या सांगण्यावर. तो हेडक्लार्क आप्त आहे की नाही, हे ज्याला ओळखता आले त्याची कारकीर्द निभावली. ज्याने त्याला केवळ हाताखालचा माणूस मानले त्याची बहुधा फसली.

परंतु या गोष्टीचा अवघड भाग पुढेच आहे. दुकानातून किंचित बाजूस होऊन आमचे स्नेही हळूच म्हणाले, 'काका, काय पाहावयाचे ते आता कळले. असाच पाच सुती, गोल टोकाचा नवा वस्तरा मोबाईलवर मागवला तर स्वस्त पडेल.' हिशेब खात्यातील मनुष्याचा हिशेब चुकीचा नव्हता. खलीफांनी काही बोलीचा सौदा केलेला नव्हता. अर्धा तास त्यांनी आपण होऊन दिला होता. कायद्याने कोणाचे काही बुडत नव्हते. तरीही आमच्या मते ते योग्य झाले नसते, आणि का ते सांगणे आवश्यक आहे, कारण आज हा व्यवहार घरोघरी आणि निर्लज्जपणाची जाणीवही न होता चाललेला असतो.

वस्तऱ्याची किंमत आणि वस्तऱ्याच्या जाणतेपणाची किंमत या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत; पण बाजाराने दुसरीचा दर कधी वेगळा लिहिलेला नाही. ती पहिलीच्या पोटात दडलेली असते. जो दुकानदार जाणता आहे त्याचा माल म्हणूनच थोडा महाग असतो, आणि जो केवळ पेट्या पाठवितो त्याचा माल म्हणूनच स्वस्त असू शकतो. ज्ञान एकाकडून घ्यावयाचे आणि पैसे दुसऱ्याला द्यावयाचे, यात आपण अशा वस्तूवर हात मारतो जिची पावती कोणी फाडत नाही. शिवाय हानी खलीफांपाशी थांबत नाही. असे शंभर जणांनी केले की त्या गल्लीत सांगणारा कोणी उरत नाही, आणि एकशेएकाव्या अजाणाला पुन्हा चकाकी आणि किंमत यांच्या भरवशावर राहावे लागते. आपण अजाण असताना ज्याने आपल्याला हात दिला, त्याची जागा पुढच्या अजाणासाठी शाबूत ठेवणे हे ऋण आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगणाऱ्या आपल्या परंपरेला हे ऋण ऋषिऋणातच गणता येईल. फरक इतकाच, की या ऋषींचे आसन बडा बाजारातील एका ओट्यावर असते.

आमच्या स्नेह्यांनी थोडा विचार केला आणि तो शिंगाच्या मुठीचा वस्तरा घेतला. खलीफांनी खिळा ठोकून दिला, आणि त्याचे वेगळे पैसे घेण्यास नकार दिला.

आप्ताच्या लक्षणात दोन अंगे आहेत, हे वर आलेच: जाणणे आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा. पहिले अंग म्हणजे धार, दुसरे म्हणजे हात. 'चांगला वस्तरा' असे आपण म्हणतो खरे, पण चांगुलपणा पोलादात नसतो. ज्या वस्तऱ्याने बाळाचे जावळ काढले जाई त्याच वस्तऱ्याने विधवेचे केशवपन होई, आणि दोन्ही कामांत धार सारखीच चाले. १८९० साली मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन हे काम यापुढे करावयाचे नाही असा निश्चय केला. पंडितांचे वाद शास्त्राच्या आधारांवर चालले असता, ज्यांच्या हातात हत्यार होते त्यांनी हात आवरला. कोणाच्या वस्तऱ्यावर विश्वास टाकावा याचा याहून उत्तम दाखला आम्हांस सुचत नाही: आपला वस्तरा कशावर चालवू नये हे ज्याला कळते, त्याच्या.

विश्वासालाही मर्यादा आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. माणूस निवडला म्हणजे जबाबदारी त्याच्यावर टाकून मोकळे झालो असे होत नाही. वस्तरा आपल्या हातात, गाल आपला, आणि रक्त निघाले तर तेही आपलेच. आप्ताचे सांगणे हे उसने घेतलेले भांडवल आहे. सराव करून ते फेडावयाचे असते. महिन्याभराने दिव्याखाली धरून धारेची चमक आपली आपल्याला ओळखता आली पाहिजे, वर्षाने परजण्याच्या आवाजावरून पाठ उचलली गेली हे कळले पाहिजे, आणि पुढे कधी तरी खलीफांची एखादी चूकही दिसली पाहिजे. शिष्य जन्मभर विचारतच राहिला तर तो गुरूचा गौरव नव्हे.

हे फेडणे कधी पुरे होत नाही, यालाही वस्तऱ्याच्या पोलादातच कारण आहे. केस पोलादाहून सुमारे ५० पटींनी मऊ. मग धार जाते कशी? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की धार केवळ घासून झिजते असे नाही. पोलादाची घडण धारेवर सर्वत्र एकसारखी नसते. जेथे ती असमान असते तेथे केस विशिष्ट कोनाने भिडला की सूक्ष्म तुकडा उडतो. मऊ वस्तू कठीण वस्तूचा कमकुवत बिंदू शोधून काढते. म्हणून चांगला वस्तरा एकदा निवडून भागत नाही. तो रोज सकाळी पट्ट्यावर पुन्हा सरळ करावा लागतो आणि काही महिन्यांनी निसण्यावर न्यावा लागतो. पहिली निवड दुसऱ्याच्या डोळ्यांनी झाली; पुढच्या साऱ्या आपल्या हाताने होतात.

कठोपनिषदाने श्रेयाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच ठिकाणी जाणत्यांकडे जाऊन समजून घेण्याचा उपदेश आहे, हे आपण कमी आठवतो. आपल्या सेना न्हाव्यानेही आरशाला विवेक आणि चिमट्याला वैराग्य म्हटले. या संताला परंपरा बांधवगडच्या राजदरबाराशी जोडते, त्याचे अभंग मराठीत गाइले जातात आणि त्याच्या नावाचे एक पद गुरु ग्रंथसाहेबात आहे; प्रांतांच्या सीमा या धोकटीला फारशा आड आलेल्या दिसत नाहीत. बदलीच्या गावी आपण बिऱ्हाड थाटतो तेव्हा दूधवाला, डॉक्टर, मुलांची शाळा अशा कितीतरी निवडी एकदम अंगावर येतात, आणि त्या सर्वांत आपण नवशिके असतो. दर गावी निदान एक तरी खलीफा शोधावा, त्याच्यापाशी बसावे, त्याने सांगितलेले पडताळावे, आणि बदलीचा हुकूम आला म्हणजे सामान बांधण्यापूर्वी त्याचा निरोप घेऊन यावे. तेथे मागाहून येणाऱ्या मराठी कुटुंबाला त्याचे नाव सांगून ठेवले, तर आपले ऋण थोडे फिटले असे समजावयास हरकत नाही.